दत्तूकाकांचे कान

दत्तूकाका कुठलीही वस्तू वाकवलेल्या बोटाने ठोकून पाहायचे. माठ, कलिंगड, दार, काही सुटायचं नाही. आमच्याकडे नवा फ्रीज आला तेव्हा त्यालाही वाकून टकटक केलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, माल बरा आहे." आई आठवडाभर हसत होती.

हा रेल्वेचा रोग. काका भुसावळहून बदलून झाशीला आले आणि इथलेच झाले. फलाटावर गाडी थांबली की हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके द्यायचे आणि आवाज ऐकायचा, ही त्यांची नोकरी. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं, तडा गेला असेल तर बद्द वाजतं. काकांनी मान हलवली की गाडी पुढे निघायची. "गाडीभर माणसांचा जीव माझ्या कानात असतो, वसू," ते म्हणायचे. फुशारकीच ती, पण त्यांच्या तोंडून ऐकायला गोड वाटायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी खंडेराव गेटजवळ आमच्याच गल्लीत घर घेतलं. गल्लीत मराठी बोलणारं दुसरं होतं कोण? काका-काकू आमच्या घरचेच झाले.

काही वर्षांनी काकांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, जुनीच, पण चांगली. लगेच तिच्यात म्यूझिक सिस्टिम बसवायचं खूळ डोक्यात शिरलं. मी माझ्या गाडीत नुकतीच बसवून घेतली होती, तेवढ्यावर मी त्यांच्या लेखी जाणकार ठरले. "तू फक्त काय काय लागतं ते सांग. निवड माझे कान करतील," असं बजावून ते मला सीपरी बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेले. काकू मागच्या सीटवर होत्या.

मी सांगितलं, दारातले स्पीकर चांगले घ्या, ॲम्प्लिफायर बेताचा असू दे, डिकीत ठेवायचा तो धडधडणारा वूफर नकोच. काकांनी दाराचा पत्रा ठोकून पाहिला आणि दुकानदाराला म्हणाले, "पहले इसके अंदर शीट लगाओ भैया, नहीं तो दरवाज़ा ही गाने लगेगा." दुकानदार खूष. "हओ कक्का, आप तो जानकार आदमी हो." इथवर सगळं छान चाललं होतं.

मग गाडीतच बसून स्पीकर ऐकायला सुरुवात झाली. दुकानदार एकेक जोडी लावून दाखवत होता आणि काकांना एकही पटत नव्हती. "दबका आवाज आहे. बाई तोंडाला पदर लावून गातेय." उंच, बारीक सुरांसाठी छोटे वेगळे स्पीकर असतात, ट्वीटर म्हणतात त्यांना. दुकानदाराने ते जोडले, चढवले, काकांनी हाताने खूण केली तसे आणखी चढवले. माझ्या दाढेत कळ गेली. काकांचा चेहरा मात्र उजळला. "आत्ता कुठे मोकळा झाला आवाज. हेच बसवा."

"कक्का, जो तो कान में चुभ रओ है," दुकानदार म्हणाला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी मागे वळून काकूंकडे पाहिलं. कानाशी पदर दाबून धरत त्या म्हणाल्या, "छान आहे हो."

येताना मी म्हटलं, "काका, एकदा कान तपासून घेऊ या का?" झालं, बिनसलं. "माझे कान? तू मास्तरीण आहेस, पोरांचे पेपर तपास." घर येईपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत.

पण राग फार टिकवणं त्यांना जमायचं नाही. पुढच्या रविवारी जवळच्या बरुआसागरहून तिथलं प्रसिद्ध आलं आणायला निघाले, तेव्हा मलाही बोलावलं. सिस्टिम किंचाळत होती, काकूंनी कानात कापूस घातला होता. मागून ट्रक हॉर्न वाजवत येत होता. मी "काका, ट्रक!" म्हणेपर्यंत त्यांनी समोरच्या चहाच्या टपरीकडे गाडी उजवीकडे घेतली. ट्रक आमचा आरसा उडवून निघून गेला. काकांनी गाडी कडेला लावली, सिस्टिम बंद केली.

"हॉर्न द्यायला काय झालं होतं त्याला?"

काकूच म्हणाल्या, "देत होता हो. केव्हापासून देत होता."

काकांनी खिडकीतून हात काढून आरशाची तुटकी दांडी चाचपली. मला वाटलं, थोडक्यात वाचलो याचा विचार करताहेत. पण त्यांनी विचारलं, "हे कधीपासून असेल?"

"वयाने होतं काका. वर्ष-दोन वर्षं झाली असतील," मी सांभाळून घेतलं.

"नोकरीत होतात तेव्हाही दोनदा हाक मारावी लागायची," काकू बोलून गेल्या.

काकांनी मान खाली घातली. "म्हणजे धड काय आणि फुटकं काय, मला सगळीच चाकं सारखी वाजत असणार. आणि मी आपला मान हलवत राहिलो."

"अहो, चाकं मशीननेही तपासतात."

"ते डेपोत. फलाटावर मीच होतो."

घरी गाडी मी चालवत आणली. काकांनी पुन्हा तिला हात लावला नाही, सिस्टिमसकट विकून टाकली. कानाला मशीन आलं, पण मनातलं काही केल्या जाईना. जुन्या सोबत्यांना फोन करून त्या वर्षांतलं विचारत बसायचे. कुठे काही घडलेलं नव्हतं. मी म्हणायचे, "झालं असतं तर कळलं असतं ना काका?" ते म्हणायचे, "झालं नाही, यात माझं कर्तृत्व काय?"

त्यांची मुलगी मंजू नागपूरला असते. तिला त्यांनी रेल्वेने यायला बंदी केली. नागपूरहून बसने झाशी म्हणजे मध्ये गाड्या बदला, पोरं सांभाळा, अंग आंबून जातं. मंजू चिडायची, काकू रडायच्या. काका ऐकायचे नाहीत. जन्मभर रेल्वेचं मीठ खाल्लेला माणूस फोनवर लेकीला विनवायचा, "बसनेच ये गं बाळा. माझ्यासाठी एवढं कर."

गेल्या थंडीत काका झोपेतच गेले. मंजूला फोन मीच केला. हुंदका आवरत तिने विचारलं, "वसूताई, बसने येऊ?"

मी म्हटलं, "रेल्वेने ये."

तिला घ्यायला मी स्टेशनवर गेले. गाडी अगदी वेळेवर आली. मंजू सुखरूप उतरली, आणि तेव्हा कुठे मला काकांसाठी रडू आलं.