तसराळं

पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरला रुग्णांच्या नातेवाइकांनी दोनदा मारले होते. तेव्हापासून त्याला उजव्या कानाने ऐकू येत नसे. बोलणाऱ्याकडे तो डावा कान करून उभा राही. जखमी माणूस आला की तो आधी सोबतची माणसे न्याहाळायचा, आणि त्यांतल्या सर्वांत तापलेल्याच्या हातात पाण्याने भरलेले तसराळे द्यायचा. "धर भाऊ, हालू नको. सांडलं तं तुह्याच माणसाचे हाल."

"तापलेल्यालाच कशाला?" मी एकदा विचारले.

"गुर्जी, दोन्ही हात गुतल्यावर मारन कायनं?" तो हसला.

आपला भाग नागपूरपासून तुटून भोपाळला जोडला गेला, त्याच वर्षीची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत जाम नदीच्या पात्रात माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात दगड बसला. चौघांनी त्याला दवाखान्यात आणले. डॉक्टर दुसऱ्या जखमीपाशी होते. ड्रेसर भावाचे रक्त थांबवू पाहत होता, आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. भावाला लागलेला दगड माझ्या मुठीत तसाच होता.

त्याने सगळ्यांवर नजर फिरवली आणि तो माझ्यापाशी आला. "गुर्जी, काहून वरडून राहिले? हे धरा." माझी मूठ उघडून त्याने दगड काढला, तसराळे दिले.

भाऊ गेला तेव्हाही मी ते धरूनच होतो. शेवटी खाली ठेवले, तसा ड्रेसर एक पाऊल मागे सरला.

अजून बाजारात भेटला की तो डावा कान माझ्याकडे करतो. पण आधी माझे हात बघतो.