डोंगरावरची चांदणी

दोह्यात मला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं त्या दिवशी मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. दोनदा नापास होऊन मिळालं होतं, त्यामुळे पेढ्यांचा मान तेवढा होताच...

आम्ही तेव्हा फरीज बिन ओमरानला राहायचो आणि मुलांची शाळा अल दुहैलला. नवरा, मकरंद, रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये. त्याला न्यायला-आणायला कंपनीची बस, म्हणजे गाडी माझ्या ताब्यात. शाळा, भाजी, मैत्रिणी... कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. नाशिकला स्कूटर उडवणाऱ्या बाईला इथे दोन वर्षं 'मला सोडता का' म्हणत बसावं लागलं होतं, त्यामुळे या चावीची किंमत मलाच ठाऊक.

गाडी सेकंडहँड, अमेरिकेतून आलेली. मकरंदनं ती घेतली मुख्यतः टायर बघून. नक्षी खोल, रबर नवंकोरं, आणि बाजूला छोटंसं चित्र: डोंगर आणि त्यात चांदणी. वाळवंटातली टेकडी आणि रात्रीचं आकाश, म्हणजे खास डेझर्टचे टायर, असा त्याचा निष्कर्ष. आल्यागेल्या प्रत्येक माणसाला खाली नेऊन ते चित्र दाखवलं जायचं.

उन्हाळा सुरू झाला आणि माझं नशीब फिरलं. राउंडअबाउटच्या गोल चौकात वळताना गाडी मागून लोळल्यासारखी व्हायची. जोरात घेतली की नुसती घूंऽऽ... आणि ब्रेक दाबला तरी हवी तिथे थांबेचना.

मकरंद शुक्रवारी, सुट्टीला, जेवढी चालवायचा तेवढी रमतगमत, त्यामुळे त्याला काहीच जाणवायचं नाही. माझ्या शेजारी बसला की मात्र उजव्या पायानं मॅट दाबत राहायचा, जणू तिथेही एक ब्रेक आहे! "अगं, तू वळणं फार कापतेस," हे पालुपद वेगळंच. मीपण हळूहळू ते खरं मानायला लागले होते.

मग एक दिवस शाळेजवळच्या सिग्नलला पुढची गाडी थांबली, मी ब्रेक दाबला, आणि आमची गाडी सरकत सरकत तिच्या बंपरला टेकता टेकता राहिली. मागच्या सीटवर दोन्ही मुलं. धाकटी एवढंच म्हणाली, "Mumma, that was close." घरी गेल्यावर तिनं बाबालाही तेच सांगितलं.

संध्याकाळी मकरंदनं काही आरडाओरडा केला नाही. नुसती चावी हुकावरून काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "थोडे दिवस राहू दे," म्हणाला. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं...

मुलांना शाळेची बस लावली. मी पुन्हा 'मला सोडता का'वर आले.

अशातच शमीमभाभी आली. ही आमची जुनी शेजारीण, मूळची रत्नागिरीची. दोहा सोडून कॅनडाला गेलेली, भाचीच्या लग्नासाठी आली होती. जेवण झालं, तिला सोडायला आम्ही खाली उतरलो, आणि मकरंदनं सवयीप्रमाणे तिलाही डोंगर-चांदणी दाखवली.

भाभी तिथेच उकिडवी बसली. टायरवरून बोट फिरवलं, आणि मग जी हसत सुटली... "अल्ला! मकरंदभाय, ही चांदणी नाय हो, हा बर्फ हाय! विंटरचे टायर हायत हे. आमच्याकडं थंडी सरली की काढून ठेवतात, आणि तुम्ही दोह्याच्या उन्हात बायकोला त्यावर फिरवताय?"

तिनंच मग सगळं सांगितलं. थंडीसाठी हे रबर मुद्दाम मऊ केलेलं असतं. तापलेल्या रस्त्यावर ते आणखी मऊ पडतं, मग गाडी वळणावर लोळते, आवाज करते, ब्रेक उशिरा लागतो. अगदी माझ्या तक्रारींची यादीच...

मकरंद पुन्हा वाकून ते चित्र बघायला लागला. मी मात्र पार्किंगमध्ये उभ्या उभ्या चक्क रडले. इतके दिवस मी स्वतःला बावळट समजत होते हो!

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरच्या दुकानात. मकरंद ऑल-वेदरवर अडला, म्हणे कुठल्याही हवेला चालतील. मी वाकून बघितलं तर त्यावरही तोच डोंगर, तोच बर्फ. भाभीनं बजावलं होतंच: बर्फ पडतो तिथे ज्यांना टायर बदलायचा कंटाळा, त्यांच्यासाठी हे. आपल्याला बर्फ फक्त फ्रीजमध्ये. मी बिनडोंगराचे ऑल-सीझन निवडले, तेही उष्णता सोसण्यात वरच्या दर्जाचे. "खलास, ठरलं, हेच," म्हटलं. दुकानातून बाहेर पडताना त्यानं चावी माझ्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात त्याची शिफ्ट संपली तेव्हा त्याला बसच्या थांब्यावरून आणायला मीच गेले. पहिला राउंडअबाउट आला. मी हळूच त्याच्या उजव्या पायाकडे बघितलं... पाय सैल पडला होता. वर बघितलं तर मान कलंडलेली, तोंड उघडं, साहेब गाढ झोपलेले. मी गाडी चालवत असताना, पहिल्यांदाच.

घराकडे वळायचा रस्ता आला. मी वळलेच नाही, राउंडअबाउटला आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक...

भाभी, तिकडे बर्फात बसून हे वाचत असशील तर तुला मनापासून शुक्रन. मकरंदला अजूनही वाटतं, त्या दिवशी घरी पोचायला उशीर झाला तो ट्रॅफिकमुळे.