जखडलेले खांदे आणि गोल झालेला चेहरा

"पॉलिमायाल्जिया रुमॅटिका," ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या बायकोने, हिराने, लगेच विचारलं, "बाई, ह्यो कॅन्सर न्हाय ना?"

"अजिबात नाही. पॉली म्हणजे अनेक, मायाल्जिया म्हणजे स्नायूंचं दुखणं. खांदे आणि मांड्यांच्या सांध्यांभोवती सूज येते. हा पन्नाशीनंतरचा आजार आहे. आराम लवकर पडेल, पण औषध बराच काळ घ्यावं लागेल."

ते नाव नीट उच्चारायला मला आठवडा लागला. तरी दुखण्याला नाव आहे एवढ्यानेच मला अर्धं बरं वाटलं.

मी एसटीत कंडक्टर, राहणार खारबाव. भिवंडी-वज्रेश्वरी गाडीवर माझी ड्युटी. पंचावन्न वर्षं होईपर्यंत तापाशिवाय दुसरं काही दुखणं मला ठाऊक नव्हतं. एका सकाळी जाग आली, तर खाटेवरून उठता येईना. दोन्ही खांदे, मान, मांड्या कोणीतरी दोरीने करकचून बांधल्यासारख्या. शेवटी कुशीवर वळलो आणि घरंगळत खाली उतरलो. खाकी शर्ट हिराने चढवला, भांगही तिनेच पाडला. दुपारपर्यंत अंग मोकळं झालं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

गाडीत घंटीची दोरी ओढायला हात वर जाईना. मी पत्र्यावर थाप मारून गाडी सोडू लागलो. ड्रायव्हर सलीमभाई भिवंडीचाच, माझा जुना जोडीदार. आरशातून बघत म्हणाला, "पाटील, गाडी बडवू नको. तिने काय केलंय तुझं?"

प्रवाशांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. कोणी तेल दिलं, कोणी वज्रेश्वरीच्या गरम कुंडात बसायला सांगितलं. आमची गाडी तिथेच जायची, म्हणून तेही केलं. कुंडात बरं वाटायचं, बाहेर आलो की खांदे पुन्हा जखडलेले. जवळच्या दवाखान्यात एक्सरे निघाला, तो स्वच्छ. वयामुळे होतंय, असं ऐकून घरी आलो. आता शर्टाचं बटण लावणंही जमेना. हात वर न जाणाऱ्या कंडक्टरला किती दिवस गाडीवर ठेवतील, या विचाराने माझं जेवण कमी झालं.

अखेर हिराच्या भावाने ठाण्याच्या या बाईंचा पत्ता दिला. वेटिंग रूममध्ये माझ्यासारखीच माणसं, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकणारी. रक्ताची ईएसआर नावाची तपासणी झाली. नळीत रक्तातल्या लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते त्यात बघतात. शरीरात सूज असली की वेग वाढतो. माझा फारच वाढला होता.

बाईंनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं आणि दोन गोष्टी बजावल्या. "गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. या गोळ्या चालू असताना शरीर आपलं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. एकदम थांबवलंत तर जिवावर बेतेल. दुसरं म्हणजे नवीन डोकेदुखी झाली, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी यायचं."

दोन दिवसांत चमत्कार झाला. सकाळी मी दोन्ही हात वर करून आळस दिला. हिरा चहा गाळत होती. "अवो, हात वर गेलं ना तुमचं," ती म्हणाली आणि चहा कपाबाहेर ओतत राहिली.

मग गोळ्यांनी आपले रंग दाखवले. भूक अशी की तांदळाच्या चार भाकऱ्या खाऊन मी डब्यात पाचवी शोधायचो. हिरा डबा फळीवर ठेवू लागली; आता माझा हात तिथवर पोचत होता, हे ती विसरली होती. झोप उडाली, बोलणं वाढलं. तिकीट मागणाऱ्याला मी आजाराची पूर्ण माहिती देऊ लागलो. रक्तातली साखर चढली, जरा कुठे लागलं की कातडीवर निळे डाग. आणि चेहरा पुरणपोळीसारखा गोल. अंबाडी गावची एक आजी माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "आधी या गाडीवर तुजा बारीक भाऊस व्हता ना? तो कंचे गाडीवर गेला?"

बाईंनी मीठ-साखर कमी केली, हाडांसाठी कॅल्शियम दिलं, रोज चालायला लावलं. गोळीचा डोस हळूहळू उतरू लागला.

डोस बराच खाली आला तेव्हा एकदा वडी चावताना जबडा दुखला. दात असेल म्हटलं. मग कंगवा लागला तरी डोक्याची कातडी हुळहुळायला लागली. एका दुपारी वज्रेश्वरीच्या स्टँडवर उजव्या डोळ्यापुढे धुरकट पडदा आला. थोड्या वेळाने गेलाही.

मी सलीमला म्हणालो, "सोमवारी बाईंकडे जायचंच आहे, तेव्हा सांगेन."

त्याने हातातला चहा खाली ठेवला. "डॉक्टर 'त्याच दिवशी या' बोलली होती. तूच मला शंभर वेळा सांगितलंस. त्याच दिवशी मतलब आज."

भिवंडीला गाडी लावून त्याने डेपोतल्या कंट्रोलरकडून आम्हा दोघांची सुट्टी घेतली, मला रिक्षात घातलं आणि स्वतःही बसला. ठाण्यापर्यंत माझा हात सोडला नाही. मला फार भीती वाटत होती. डोळा गेला तर काय, एवढंच डोक्यात घोळत होतं.

बाईंनी कानशील दाबून पाहिलं आणि लगेच दाखल करून घेतलं. जायंट सेल आर्टेरायटिस. म्हणजे डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांना सूज. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर दृष्टी कायमची जाते. पॉलिमायाल्जियाच्या काही रुग्णांना हे होतं. शिरेतून मोठ्या डोसात स्टेरॉइड सुरू झालं. मग कानशिलातून रक्तवाहिनीचा बारीक तुकडा काढून तपासला. निदान पक्कं झालं.

पडदा पुन्हा आला नाही. राउंडला आलेल्या बाई म्हणाल्या, "आलात म्हणून डोळा वाचला. सोमवारपर्यंत राहिला असता की नाही, सांगता येत नाही."

डोस वाढला, चेहरा आणखी गोल झाला. या वेळी मी आरशात बघून हसलो. ज्या डोळ्यांनी तो दिसत होता ते दोन्ही शाबूत होते.

आता गोळी अगदी थोडी उरली आहे. चेहरा उतरतोय, साखर ताब्यात आहे. तुम्हाला कोणाला सकाळी खांदे-मांड्या अशा जखडत असतील, तर वय झालं म्हणून बसू नका, रक्त तपासून घ्या. आणि गोळ्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, कोणी कितीही घाबरवलं तरी.

मी कामावर परत आल्यापासून सलीमने एक नियम केला आहे. इंजिन सुरू करण्याआधी तो स्टँडच्या टोकाच्या गाडीकडे बोट दाखवतो. "वाच." मी आधी एक डोळा झाकून पाटी वाचतो, मग दुसरा.

एकदा गंमत म्हणून पाटीवर 'वाडा' होतं ते मी 'कल्याण' वाचलं. सलीमने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि रिक्षा बघायला धावत सुटला. मला त्याच्यामागे फाटकापर्यंत पळावं लागलं. त्यानंतर मी अशी थट्टा केली नाही. जे लिहिलेलं असतं तेच वाचतो.