पदराचा तुकडा

काल पेटी आवरताना पांढरी नायलॉनची साडी हाताला लागली. तिच्या पदराला वाटीएवढं भोक आहे. तिच्यापायी मी भांडले, याचं आता बरंच वाटतं.

तेव्हा आम्ही सक्करदऱ्याला राहत होतो. यांनी मित्राचा फिल्मचा कॅमेरा एका रविवारपुरता मागून आणला होता. सासूबाई न्हाऊन, उन्हाकडे पाठ करून अंगणात केस वाळवत बसल्या होत्या. मी बाहेर आले तर हे माझ्या त्या पांढऱ्या साडीच्या पदराचा तुकडा कापून कॅमेऱ्याच्या भिंगावर ताणून बांधत होते.

"माह्या भावानं दिलेली साडी काहून कापली तुम्ही?"

"यातून पाहून तर घे. मायच्या केसाले कसा मऊ उजेड सुटून राहिला."

मी पाहिलं नाही. तणतणतच राहिले आणि यांनी कॅमेरा चालू केला. फिल्म धुऊन येईपर्यंत मी धड बोललेही नाही.

मग एका संध्याकाळी भिंतीवर चादर लावून आम्ही ती पाहिली. सासूबाईंच्या पांढऱ्या केसांभोवती ऊन पिंजलेल्या कापसासारखं पसरलं होतं आणि त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"एवढं काय हसू आलं होतं, माय?" यांनी विचारलं.

"तुमचं भांडण ऐकून राहिली होती मी," त्या म्हणाल्या.

"पुन्हा लावा," मी यांना म्हटलं.