सर्व्हरवर जाऊन विचारा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या टीमच्या लीड मॅडमचे आहेत. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. त्याचं श्रेय आईवडिलांना आणि शाळेला. पण हैदराबादेत माझा पाय टिकला तो मॅडममुळे. त्या तिथल्याच जामबागच्या जुन्या मराठी घरातल्या. मराठी फडाफडा बोलायच्या, वाचताना मात्र जोडाक्षराला ठेच लागायची.

तालुक्याच्या शाळेत आम्ही वहीचा समाससुद्धा सोडत नसू. तीच काटकसर मी ऑफिसात आणली. बाकीचे कोडची आपापली प्रत लॅपटॉपवर घेऊन काम करत. मला वाटलं, सर्व्हरवर एक प्रत असताना दुसरी कशाला? मी सर्व्हरवरचं फोल्डरच नेटवर्कने लॅपटॉपला जोडून घेतलं आणि त्यातच काम करू लागलो.

प्रोबेशन संपत आलं होतं. माझं पहिलं स्वतंत्र काम दुपारी दाखवायचं होतं, त्यावर नोकरी पक्की होणार होती. कोणत्या फायली बदलल्या याची नोंद गिट ठेवतं. सकाळी मी लॅपटॉपवरून त्याला विचारलं, तर म्हणे झाडून सगळ्या फायली बदलल्यात! मी हात लावला होता तीनच फायलींना. घाबरून सगळं पूर्ववत करायची कमांड टाइप केली, एंटर दाबणार तोच मागून आवाज आला.

“नक्को! हात काढा आधी.”

“मॅडम, मी सगळ्या फायली बिघडवल्या.”

“एवढं काम तुम्ही केलं असतं तर मी घरी नसते का बसले? एंटर मारला असता तर तुमचे खरे बदलही गेले असते. फायली कुठे आहेत?”

“सर्व्हरवर.”

“आणि विचारता लॅपटॉपवरून? काय हौलेपणा आहे, वेडेपणा नुसता! तिथे जाऊन विचारा.”

सर्व्हरवर लॉगिन करून विचारलं. तीनच फायली. फायलींच्या परवानग्या लॅपटॉपचं विंडोज एका तऱ्हेने वाचतं, सर्व्हरचं लिनक्स दुसऱ्या. म्हणून लॅपटॉपवरून प्रत्येक फाइल बदललेली दिसत होती.

“दुरून बघणाऱ्याला सगळंच बदललेलं दिसतं ओ,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही गावाला गेलात की म्हणतील बघा, पोरगा पार बदलला.”

“नोकरी पक्की झाल्याशिवाय जाणार नाही मी.”

“मग आधी स्वतःची प्रत घ्या. फुकट मिळते.”

दुपारी काम नीट चाललं. नोकरी पक्की झाली, तसा मी गावी गेलो आणि तिथून मॅडमना लिहिलं:

“मॅडम,

जोडाक्षरं टाळून, मोठं मोठं लिहितोय. गावात पाय ठेवला आणि सगळे सुरू झाले, पार बदललास. मग आईला विचारलं, ती जवळून बघते. ती हसली. चहात साखर कमी घेतोस, बोलताना ‘हो’ऐवजी ‘हौ’ करतोस आणि जेवलेलं ताट उचलत नाहीस, एवढंच निघालं. तीनच, मॅडम. पहिले दोन बदल राहू देतो. तिसरा आजच मागे घेतला.”