शीर्षकातलं मोठं अक्षर

शीर्षक वाचताना ती स्क्रीनवर बोट ठेवायची आणि विचारायची, "यात मोठं कोण?"

आमचं नोएडातलं ऑफिस घरगुती यंत्रांची इंग्रजी माहितीपुस्तकं तयार करतं. ती पुण्याहून आली तेव्हा मी तिथं चांगली मुरलेली होते. मयूर विहारला घरही तिनं माझ्याच सोसायटीत घेतलं. म्हणजे मेट्रोतही सुटका नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. साधा कुर्ता, विस्कटलेले केस, आणि तरी सगळे तिच्याच टेबलाभोवती. माझ्या डब्यातली भरली वांगी खाऊन लोक तिला विचारायचे, "ये आप लोग कैसे बनाते हैं?"

एकदा ठरवायचं होतं, शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं, की फक्त पहिल्या शब्दाचं. जिचं म्हणणं मान्य होईल तिच्याकडे सगळं काम जाणार, हे न सांगताही कळत होतं. मी प्रत्येक शब्दाच्या बाजूची, ती फक्त पहिल्याच्या. शीर्षकाला रुबाब हवा! मीटिंगला मी नमुन्याची पानंही करून नेली.

"सुंदर गं," ती मला म्हणाली. मग एका शीर्षकावर बोट ठेवून सरांकडे वळली. "सर, 'स्टार्ट' तो बटन का नाम है. यहाँ सभी शब्द बडे हैं. फिर बटन पहचानेंगे कैसे?"

"बिल्कुल सही!" सर म्हणाले. संपलं.

त्यानंतर मी मेट्रोत लेडीज डबा सोडून शेजारच्या डब्यातल्या गर्दीत उभी राहायला लागले. तिथंही तिनं मला गाठलं.

"रागावलीस ना?"

"छे गं."

"रागव की. पण पुस्तकांचा मजकूर तूच लिही. माझी वाक्यं लाकडासारखी. तुझी वाचली की जळफळाट होतो माझा."

मला बरं वाटलं. आणि लगेच वाटलं, हेसुद्धा किती सहज बोलून गेली ही! मला जन्मात जमलं नसतं.

पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती हैदराबादला गेली. तिचं काम माझ्याकडे आलं. आता मी म्हणेन त्याला सगळे मान डोलावतात. कुणी हरकत घेत नाही, कुणी पान उलटून परत पाहत नाही. मीटिंग लवकर संपते.

परवा तिचा फोन आला. नव्या ऑफिसात एक मुलगी तिच्याशी शब्दाशब्दाला भांडते म्हणे. "फार हुशार आहे गं," ती कौतुकानं सांगत होती.

"अच्छा," मी म्हटलं. त्या मुलीचं नावसुद्धा मी विचारलं नाही.