आखूड पायानं धरलेली ज्योत

मला लिहायला लावू नका म्हटलं, तरी मंडळाची पोरं ऐकत नाहीत. स्मरणिका काढायची म्हणे. "तात्या, तुमच्या धावण्याचे किस्से द्या!" धावत होतो तेव्हा कोणी विचारलं नाही, आता खुबा गेला तर किस्से पाहिजेत. बरं, देतो. लंगड्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. येणारा-जाणारा काहीतरी बोलून जातो, ते साठत राहतं. त्यात लंगडा धावायला लागला तर मग बघायलाच नको!

माझा उजवा पाय दोन बोटं आखूड आहे. तरुणपणी एमआयडीसीत कामाला जाताना बस उलटली, मांडीचं हाड मोडलं आणि जुळलं ते वाकडं. त्याआधी मी प्रतापगडावरून गावची ज्योत आणायला धावायचो, त्यानंतरही धावलो. आंबेनळी घाट उतरून, पोलादपूर मागं टाकून गावापर्यंत, पाळीपाळीनं, अनवाणी. यंदा शेवटची एक पाळी माझ्या हातात ज्योत द्या, एवढंच माझं मागणं होतं.

*

माझ्या उजव्या चपलेचा तळ महाडातून दोन बोटं जाड चढवून आणलेला. एका लग्नात नवरीच्या मामानं ती जोडी चुकून पायात घातली. मांडवाच्या दारापर्यंत गेला आणि त्यानं खांबच धरला.

"मला धरा, मला लकवा मारतोय!"

बायका रडायला लागल्या. कोणी कांदा हुंगवतोय, कोणी रिक्षा बोलावतोय. मी गर्दीत घुसलो. "आधी माझ्या चपला काढा, मग खुशाल दवाखान्यात जा!"

चपला काढल्या, मामा सरळ! मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्ही रोज असं कसं जगता हो?"

प्रश्न चांगला होता. मी उत्तर द्यायच्या आत तो पंगतीला बसला.

*

दासगावचा इस्माईल माझा सराव-पार्टनर. दुबईत गोण्या उचलून आलेला, लहानपणच्या तापानं डावा पाय आखूड. माझा उजवा, त्याचा डावा. रस्ता मध्ये फुगीर असतो आणि कडेला उतरता. मी डाव्या कडेनं धावलो की आखूड पाय उंच बाजूला येतो आणि चाल सरळ होते. त्याला तीच सोय उजव्या कडेला. म्हणून आम्ही बरोबर धावायचो ते मध्ये अख्खा रस्ता ठेवून, गप्पा मारायच्या तर बोंबलून.

एकदा एस.टी.च्या ड्रायव्हरनं गाडी हळू केली. "काय रे म्हाताऱ्यांनो, भांडलात काय?"

इस्माईल ओरडला, "भांडण नाय रं बाबा, त्याचा पाय तिकडचा हाय!"

दोन पावसाळ्यांमागं इस्माईल गेला. मी अजून सवयीनं त्या कडेला हाक मारतो. शिफ्टला जाणारी मोटरसायकलवाली पोरं समजतात, म्हातारा शिव्या देतोय.

*

यंदा खुबा फार ठणकायला लागला म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाला, "काका, सांधा झिजलाय. धावणं बंद."

"आणि चालणं?"

"कमी करा."

"बसणं?"

"एका जागी फार वेळ नको."

"मग करू काय?"

"पडून राहा."

"ते तर शेवटी हायच की!"

डॉक्टर हसला. मला नाही हसू आलं.

*

ज्योतीच्या आधी मंडळाची मीटिंग झाली. अध्यक्ष नीलेश, माझ्या चुलतभावाचा नातू, मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला, "तात्या, राग मानू नका. तुमच्या हातात ज्योत हलते. लाइव्ह असतं ना! तुम्ही टेम्पोत बसा, पाणी वाटा."

"मग मला तळ चढवलेला बूट घालून धावू दे. बुटात नाय हलत."

"ज्योत अनवाणीच आणायची, तात्या. तुम्हीच शिकवलंत."

टेम्पो माझा थोरला चालवणार होता, तोही मीटिंगला होता. बापासाठी एक शब्द बोलला नाही. त्याचं दुखणं वेगळं. माझा पाय मोडल्यावर चिखलात नांगर मला धरवेना, म्हणून त्याची शाळा सुटली. ते त्यानं कधी तोंडातून काढलं नव्हतं.

*

आता शेवटचा. आंबेनळीत निम्म्या उतारावर ज्योत धरलेल्या गड्याच्या पोटरीत पेटका आला आणि तो खालीच बसला. बाकीचे मोटरसायकलींवरून पुढं निघून गेलेले. टेम्पोत आम्ही दोघंच, बाप-लेक. ज्योत काही जमिनीवर ठेवत नाहीत. मी चपला काढल्या, उतरलो आणि त्याच्या हातातून घेतली.

पुढं डावीकडं जाणारं लांब वळण होतं, रस्ता आतल्या अंगाला चांगला कललेला, उजवी बाजू उंच. मी धावलो. कमरेला झोल नाही, खांद्याला झोल नाही. इतक्या वर्षांत अनवाणी असा कधी धावलो नव्हतो. ज्योत देवघरातल्या समईसारखी उभी.

मागून टेम्पो आला, माझ्या बरोबरीनं चालायला लागला. मला वाटलं, पोरगा बघतोय, आता काहीतरी बरं बोलेल. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"म्हणजे सोंग होतं तर! नांगर धरायच्या वेळी लंगडायचास, ज्योत धरायला बरा सरळ धावतोस, बाबा!"

मी धावतच राहिलो. तोंड उघडलं असतं तर दम तुटला असता.

त्यानं काच वर केली, गाडी पुढं काढली आणि वळणाआड गेला. त्याच्या मागून वळण संपलं, रस्ता सपाट झाला आणि मी परत हेलकावे खायला लागलो. बघायला कोणी नव्हतं.

माफी अजून मागायची आहे त्यानं. पोरांनो, हे कापायचं नाही, नावासकट छापायचं. माझा थोरला, सुभाष.